ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, डॉक्टर म्हणतात पळू दे, पण लेक पळतच नाही

काठावरची:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक ९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ताप आणि सांधे सुजायला लागले, आज गुडघा तर उद्या मनगट, आम्ही आपलं वाढत्या वयाचं दुखणं म्हणून सोडून दिलं. नंतर कळलं तो रुमॅटिक फीवर होता, घशाच्या इन्फेक्शनकडे नीट लक्ष दिलं नाही तर दोनतीन आठवड्यांनी येतो तो, आणि त्याने हृदयाची मायट्रल झडप खराब करून ठेवली होती. वर्षभर औषधांवर काढलं पण गळती वाढतच गेली, हृदय मोठं व्हायला लागलं, जिना चढताना मधेच बसायची, रात्री दोन उशा लागायच्या. शेवटी पाच महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. झडप बदलली नाही, दुरुस्त केली आणि भोवती रिंग बसवलीये. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं ते मात्र पुढेही चालूच राहणार आहे, कारण तो ताप परत आला तर दुरुस्त केलेली झडप पुन्हा बिघडू शकते.

तब्येतीचं म्हणाल तर खरंच छान आहे. चार किलो वजन वाढलं, भूक लागते, रात्री सपाट झोपते, जिना न थांबता चढते. मागच्या आठवड्यात इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणाले हृदयाचा आकार कमी होतोय, फंक्शन नॉर्मल, माइल्ड लीक आहे पण दुरुस्तीनंतर तेवढं असतं, आता तिला नॉर्मल मुलांसारखं खेळू द्या. सगळं चांगलं सांगितलं आणि मी घरी येऊन रात्रभर त्या ‘माइल्ड’ शब्दावर विचार करत बसले, असो.

प्रॉब्लेम असा की ती खेळत नाही. म्हणजे खेळायला जाते, पण कडेला उभी. पकडापकडीत कुणी तिच्याकडे यायला लागलं की तिथेच थांबते आणि ‘मी आउट’ म्हणते. चालताना उजवा हात छातीवर. खांदे पुढे काढून चालते, एखाद्या म्हातारीसारखी. परवा झोपताना विचारलं, ‘आई, मी जोरात पळाले तर आतली शिवण उसवेल का?’ मी नाही म्हंटलं, पण माझ्याच आवाजाला धार नव्हती, ते तिला कळलंच असणार. शाळेत पीटीचे सर खूप चांगले आहेत, त्यांनी तिला स्कोअर लिहायचं काम दिलंय, शिट्टी पण देतात कधीकधी, त्यामुळे ती खूश असते आणि मलाही टेन्शन नाही.

पण हे असंच चालू राहिलं तर? तिला ढकलायचं की तिच्या वेळेने होऊ द्यायचं? ढकलायचं तर किती? ज्यांची मुलं ह्यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा. आणि एक बारीकसं, तिचा एक दुधाचा दात हलतोय, त्याचं काही बघावं लागतं का?


सरळ_उभी_राहा:

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबत काम करते, हृदयाच्या ऑपरेशनची मुलं पण येतात. तुमच्या डॉक्टरांनी परवानगी दिलीये हे धरून लिहितेय, त्यांच्यापेक्षा वेगळं काही वाटलं तर त्यांचंच ऐका.

आधी शिवणीचं. छातीचं मधलं हाड कापून परत स्टीलच्या तारांनी बांधतात, मुलांमध्ये ते साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. म्हणूनच सुरुवातीला काखेत हात घालून उचलू नका, सायकल नको, लोंबकळायचं नाही, दप्तर उचलायचं नाही असं सगळं सांगतात. पाच महिन्यांनी ते हाड हाडासारखं झालेलं असतं. तारा आतच राहतात, गंजत नाहीत, धावल्याने हलत नाहीत. आतले टाके पण असे नसतात की धावलं आणि उसवलं, तसं असतं तर तिच्या हृदयाने दिवसाला लाखभर वेळा धडधडून आधीच उसवले असते ना! हे तिला ह्याच शब्दात सांगा, मुलांना हिशोब पटतो. नुसतं ‘काही होत नाही बाळा’ पटत नाही.

खांदे पुढे काढून चालणं आणि छातीवर हात, हे ह्या मुलांमध्ये मी कायम बघते. सुरुवातीला दुखतं म्हणून छाती राखायची सवय लागते, दुखणं जातं, सवय उरते. भिंतीला टाच, पाठ, डोकं टेकून उभं राहायचं आणि दोन्ही हात भिंतीवरून सरकवत वर न्यायचे, रोज दहा वेळा. तुम्ही पण शेजारी उभं राहून करा, तिच्या एकटीचा व्यायाम नको.

आता मुख्य मुद्दा, आणि हा आईबापांच्या लक्षात येत नाही. तुमच्या लेकीने दोन वर्षं एक धडा शिकलाय, की दम लागला म्हणजे वाईट झालं, बसा. तो धडा तेव्हा बरोबर होता. आता हृदय बदललं पण धडा तोच आहे. शिवाय दोन वर्षं फारसं न हलल्याने पायाचे स्नायू कमजोर झालेत, त्यामुळे दम आणि पाय दुखणं खरंच इतर मुलांपेक्षा लवकर येणार, आणि ती म्हणणार बघ, हृदयच खराब आहे. ते हृदय नाही, पाय आहेत. महिनादोन महिन्यांत सुधारतं.

तर तिला दोन प्रकारचे दम शिकवायचे. चांगला दम म्हणजे चेहरा लाल, घाम, छाती धडधड, पण एक अख्खं वाक्य बोलता येतं आणि थांबल्यावर थोड्या मिनिटांत सगळं शांत होतं. वाईट म्हणजे छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यासमोर अंधारी, ओठ निळसर, किंवा थांबूनही धडधड जातच नाही, तेव्हा लगेच थांबायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. बेशुद्ध पडली तर वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. हे तिला तोंडपाठ पाहिजे, तुम्हाला नाही.

आणि साधा स्टेथोस्कोप मिळाला तर बघा. पळून आल्यावर तिलाच कानाला लावू दे. हृदय आधी घोड्यासारखं पळतंय आणि मग हळूहळू चालायला लागतंय हे स्वतः ऐकलं की निम्मी भीती जाते. धावताना मुलांचे ठोके मिनिटाला १५०-१७० होणं नॉर्मल आहे, तो आकडा बघून तुम्ही घाबरू नका.

सुरुवात दोन खांबांमधल्या अंतराने करा. एक खांब चालायचं, एक खांब पळायचं. किती फेऱ्या हे ती ठरवेल, तुम्ही वाढवायच्या नाहीत आणि कमीही करायच्या नाहीत.


मोठीकाकू:

एवढं कशाला मागे लागायचं पोरीच्या? जिवावरचं निभावलंय, आता जपायला नको का? सगळ्यांनीच पळायला पाहिजे असं थोडीच आहे, चित्रकला आहे, पेटी आहे, पुस्तकं आहेत. उगाच पळवायचं आणि परत काही झालं तर? स्पष्ट बोलते, राग मानू नका.


टिकटिकचा_बाबा:

काकू राग नाही, पण मी तुमच्यासारखाच विचार करायचो आणि त्यात माझ्या पोराचं एक वर्ष गेलं, म्हणून लिहितो.

आमचा मुलगा आता १२ चा आहे. १० व्या वर्षी मायट्रल झडप बदलावी लागली, दुरुस्त होण्यासारखी नव्हती, तर मेकॅनिकल बसवली. दुसरी असते ती प्राण्यांच्या टिश्यूची, ती लहान मुलांमध्ये लवकर कडक होते, खराब होते, म्हणून डॉक्टरांनी हीच सुचवली. तिचा तोटा असा की रक्त पातळ करायची वॉर्फरिनची गोळी कायमची, आणि आयएनआर नावाची टेस्ट सतत करत राहायची, आमचं टार्गेट २.५ ते ३.५ आहे, त्याच्या खाली गेलं तर झडपेवर गुठळीची भीती, वर गेलं तर रक्तस्रावाची. म्हणजे काठावरची ताई, तुमची लेक दुरुस्तीवर सुटली ह्याबद्दल आधी दोन मिनिटं आनंद मानून घ्या.

आता टिकटिक. ही झडप वाजते. खरंच वाजते, शांत खोलीत शेजारच्याला ऐकू येते. पहिले पंधरा दिवस पोरगा झोपलाच नाही, म्हणायचा बाबा घड्याळ काढून ठेवा, आणि घड्याळ त्याच्या आतच. आम्ही रात्री पंखा मोठा करून ठेवायचो. वर्गात परीक्षेला सगळे गप्प झाले की मागचा मुलगा म्हणायचा कोण टिकटिक करतंय. घरी येऊन रडायचा. आम्ही काय केलं, तर शाळेत जाऊन टीचरना सांगितलं की ह्याच्याकडे कुणी लक्ष देऊ नका, त्याला खेळायला पाठवू नका, पुढच्या बाकावर बसवा. झालं, पोरगा आणखी एकटा पडला.

ते सुटलं कसं तर आमच्यामुळे नाही. त्याला स्वतःला शोध लागला की तोंड उघडं ठेवलं की टिकटिक मोठी ऐकू येते. मग हा मधल्या सुट्टीत आ वासून उभा आणि पोरं लायनीत, एकेक जण कान लावून ऐकतोय. ज्याने चिडवलं होतं तो दोनदा लायनीत उभा राहिला. त्या दिवशी घरी आला तो वेगळाच पोरगा होता. मग त्याला आपल्या झडपेचीच उत्सुकता लागली, १९६० मध्ये पहिली यशस्वी मायट्रल झडप बसवली ती म्हणजे पिंजऱ्यात एक बॉल होता, वरखाली होणारा, आणि आपली दोन पाकळ्यांची आहे तसल्या १९७७ पासून आल्या, हे सगळं तो मला सांगतो, मी त्याला नाही.

वॉर्फरिनवर असल्यामुळे धक्काबुक्कीचे खेळ आम्हाला बंदच आहेत. डोक्याला मार लागला तर पोरगा हसत असला तरी हॉस्पिटलात जायचं, हा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. दुखलं तर आयब्रुफेन नाही, पॅरासिटामॉल. पालेभाज्यांनी गोळीचा असर कमी होतो, तरी त्या बंद नाहीत, फक्त एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्यात शून्य असं नको. पण पोहणं, धावणं, बॅडमिंटन सगळं करतो.

मी काय चुकलो ते सांगतो. मी मैदानावर जाऊन बसायचो आणि हळू, हळू असं ओरडायचो. एक दिवस तो जवळ आला आणि म्हणाला, बाबा तुम्ही ओरडलात की माझी टिकटिक वाढते. त्यानंतर मी घरी बसतो. घरी बसून जे होतं ते होतं, ते कुणाला दिसत नाही.

गोळी आता तोच घेतो, संध्याकाळी, अलार्म लावून. एकदा विसरला, आयएनआर १.९ आला. मला इतका राग आला होता, पण डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता त्यालाच विचारलं, का विसरलास, पुढे काय करशील? डबल गोळी घ्यायची नाही, फोन करून विचारायचं हे त्यालाच समजावलं. त्या दिवसापासून विसरला नाही. स्वतःचा आयएनआर स्वतः सांगतो, एखाद्या बॅट्समनने स्कोअर सांगावा तसा.


काठावरची:

बाबा, ‘घड्याळ काढून ठेवा’ वाचून रडू आलं आणि आ वासून उभा ला हसू आलं. दोन मिनिटं आनंद मानला, खरंच मानला. फिजिओ ताई, दोन दमांचं लिहून फ्रिजवर लावलं. ती म्हणाली आई, ह्यात तिसरा पण दम आहे, भीतीचा. मी काही बोलू शकले नाही.

काकू, तुमचा राग नाही आला. माझ्या मनात पण रोज तेच येतं, म्हणून तर विचारलं.


जुनी_शिवण:

मी आई नाही, मी ‘ती मुलगी’ आहे. आता ३३ वर्षांची. ८ व्या वर्षी ऑपरेशन झालं, माझी महाधमनीची झडप जन्मतः अरुंद होती. तर माझीच फुप्फुसाकडे जाणारी चांगली झडप काढून तिथे बसवली आणि तिच्या रिकाम्या जागी दान केलेली झडप लावली. १९६७ मध्ये डोनाल्ड रॉस नावाच्या सर्जननी हे पहिल्यांदा केलं म्हणून त्याला रॉस ऑपरेशन म्हणतात. स्वतःची झडप असल्याने ती मुलाबरोबर वाढते आणि वॉर्फरिन लागत नाही, पण ती दान केलेली कधीतरी बदलावी लागते, माझी १९ व्या वर्षी बदलली. हे आधीच सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं की आता सगळं नीट झालं, संपलं. १९ व्या वर्षी दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा जास्त राग ह्याचा आला होता. पुढे काय काय होऊ शकतं ते लेकीला तिच्या वयाप्रमाणे सांगत जा, एकदम नाही, पण खोटं पण नको.

पण मी लिहायला बसले ते एका वाक्यामुळे. स्कोअर लिहायचं काम.

ताई, मी चौथीपासून दहावीपर्यंत स्कोअर लिहिला. सात वर्षं. मलाही चांगले सर होते, मलाही शिट्टी मिळायची. माझं अक्षर सुंदर झालं आणि मला प्रत्येक खेळाचे नियम येतात, आजही मॅच बघताना मी घरच्यांना पिडते. पण कुणालाच, अगदी मलाही, आठवलं नाही की हे काम तीन महिन्यांसाठी दिलं होतं. डॉक्टरांनी सहाव्या महिन्यातच सगळं चालेल म्हणून लिहून दिलं होतं, तो कागद फाइलमध्ये होता, मी २० वर्षांची असताना तो वाचला. कुणी वाईट नव्हतं हो ह्यात. सगळे इतके प्रेमाने वागत होते की मला तिथून उठताच आलं नाही. कडेला बसलेल्या मुलाला कुणी काम दिलं नाही तर त्याला कंटाळा येतो आणि तो कधीतरी आत जातो. मला कंटाळा येऊच दिला नाही.

व्रणाबद्दल पण बोलते. पहिलं वर्षभर उन्हापासून जपा, नाहीतर काळा पडतो. बाकी तो कसा दाखवायचा, झाकायचा, ते तिच्यावर सोडा. माझ्या घरी बंद गळ्याचेच कपडे यायचे, न बोलता, मग मला वाटायला लागलं की लाजायची गोष्ट आहे. कॉलेजात एका मैत्रिणीने सरळ विचारलं हे काय आहे, मी सांगितलं, ती म्हणाली भारी, आणि विषय संपला. दहा वर्षं मी त्या दोन मिनिटांना घाबरत होते.

आज मी रोज पाच किलोमीटर चालते, आठवड्यातून दोनदा पळते. हळूच पळते, कासव हरवेल मला, पण पळते. वर्षाला एक इको. बाळाच्या दातांचं कुणीतरी सांगा ना, मोठ्यांचं मला माहितीये, लहानांचं नाही.


सरळ_उभी_राहा:

दाताचं राहिलंच की! दुधाचा दात आपोआप पडत असेल तर काही लागत नाही, पडू दे. पण डेंटिस्टकडे काढायचा झाला किंवा हिरड्यांचं काही काम असलं तर त्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, कारण रिंग बसवलीये आणि तोंडातले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात. आणि हे महत्त्वाचं, तिला पेनिसिलिन कायम चालू आहे म्हणून तिला बहुतेक वेगळ्या गटातलं औषध देतील, तेव्हा डेंटिस्टला इंजेक्शनचं आधीच सांगा. रोज दोनदा ब्रश, ते तर आहेच.

आणि जुनी शिवण, तुझं वाचून मी माझ्या दोन पेशंटच्या शाळांना फोन करणार आहे उद्या.


काठावरची:

मी काल रात्री सरांना मेसेज केला. तीनदा लिहून पुसला. शेवटी एवढंच लिहिलं की डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, स्कोअरची वही आता पाळीपाळीने सगळ्यांना द्याल का? त्यांचं लगेच उत्तर आलं की अहो, मी तर तुमच्याच निरोपाची वाट बघत होतो. म्हणजे पाच महिने ते माझी वाट बघत होते, मी तिची बघत होते आणि ती बहुतेक माझी.

आज इंजेक्शन आहे. ते फार दुखतं हो, दोन दिवस लंगडते. त्याच्यावर कुणाकडे काही उपाय?


टिकटिकचा_बाबा:

आमचाही रुमॅटिकच, आम्हालाही ते चालू आहे. फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचू देऊ नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. टोचायच्या आधी ती जागा अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरायची, बर्फ पण चालतो. आणि औषध सावकाश आत सोडायला सांगा, घाई केली की जास्त दुखतं. काही ठिकाणी त्यातच भूल मिसळून देतात, विचारून बघा. कोणत्या बाजूला घ्यायचं हे तिला निवडू द्या, तेवढंच तिच्या हातात.


काठावरची:

सहा आठवड्यांनी परत आलेय, सांगितल्याशिवाय राहवेना.

सरळ रेषेत काही झालं नाही. पहिले दहा दिवस तर उलटंच, स्कोअरची वही गेली म्हणून माझ्याशी भांडली, म्हणाली तूच सांगितलंस ना सरांना. पीटीच्या दिवशी पोट दुखायला लागलं. दोन खांब मात्र आम्ही रोज करत होतो. पहिल्या दिवशी तिने किती फेऱ्या ठरवल्या, तर एक. आणि ती पण छातीवर हात ठेवून. मी ओठ चावून गप्प. आठवड्याने चार झाल्या, मग एकदम दोनवर आल्या, मग सहा. स्टेथोस्कोप आणला. आता घरातल्या सगळ्यांचे ठोके तिच्या वहीत आहेत, पाहुण्यांनाही सोडत नाही. आजोबांचे ५८ निघाले तर म्हणाली आजोबा, तुम्हाला पळायची गरज आहे.

मधे एक वाईट दिवस पण आला. शाळेतून फोन, छातीत दुखतंय. मी कशी पोचले मला आठवत नाही. ईसीजी, इको सगळं झालं, हृदय ठीक, लीक होती तेवढीच, आदल्या दिवशी दोरीच्या उड्या मारल्या होत्या म्हणून बरगडीचे स्नायू धरले होते. डॉक्टरांनी दाबून दाखवलं, इथे दाबलं की दुखतं ना, मग हे हृदय नाही. ती लगेच सगळीकडे दाबून बघायला लागली. मला वाटलं झालं, आता परत कडेला जाईल. चार दिवस गेली पण. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाली खांब करायचे का?

आणि आता परवाचं. इंजेक्शनला गेलो होतो. तिने बाजू निवडली, डावी. बर्फ लावला. सिस्टर सिरिंज घेऊन वळल्या आणि ही टेबलावर नाही. दार उघडं. मी बाहेर येऊन बघते तर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ही पळतेय. पळतेय म्हणजे सुसाट, दोन्ही हात हवेत, केस उडतायत, छातीवर हातबित काही नाही, मागे मी, माझ्या मागे सिस्टर. एक जिना खाली, पूर्ण ओपीडीतून, पार्किंगच्या दारापर्यंत. तिथे वॉचमननी अडवली तेव्हा मला बोलता येत नव्हतं, कमरेवर हात ठेवून वाकले होते मी, आणि ही समोर उभी राहून विचारते, ‘आई, तुझा चांगला दम आहे की वाईट? एक वाक्य बोलून दाखव.’

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले, रडत पण होते, सिस्टर आम्हा दोघींकडे बघत उभ्या.


मोठीकाकू:

अगं बाई! वाचताना माझाच दम गेला. पेटीचं राहू दे आता. पण मग इंजेक्शन दिलं की नाही शेवटी?


काठावरची:

दिलं काकू. उजव्या बाजूला, कारण म्हणाली डावी आता पळून दमलीये. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.